पॅड बदलायचे, पण कोणते?

हुबळी-धारवाडहून समुद्राकडे निघालात की घाट चुकत नाही. अळणावर-रामनगरवरून गोव्याला जा, अनमोड आहे. यल्लापूरमार्गे अंकोल्याला जा, आरबैल आहे. शिरसीहून कुमट्याला उतरलात तर देवीमने. कोल्हापूर-पुण्याच्या पाहुण्यांकडे जायचं म्हटलं तरी निपाणीजवळ तवंदी, पुढे खंबाटकी, आणि पुण्यात शिरताना कात्रजच्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा तो बदनाम उतार. वर्षातले बाकीचे दिवस हीच गाडी हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये हेलपाटे घालत असते. मधली मार्गिका चिगरी बसना दिलेली, उरलेल्या जागेत रिक्षा, टेम्पो, दुचाक्या आणि आपण. शंभर-दोनशे मीटरवर ब्रेक.

ब्रेकचे पॅड निवडताना ही दोन्ही कामं डोळ्यांसमोर हवीत. शहरात पॅड थंड असतो, आणि थंड असतानाच त्याने पहिल्या दाबाला पकड घ्यायला हवी. घाटात तो भाजून निघतो, तरी पकड सुटता कामा नये. हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या गॅरेजमध्ये गाडी लावली की मेकॅनिक एकच प्रश्न विचारतो, “कंपनीचे टाकू का बाहेरचे?” आपण म्हणतो, “चांगले टाका.” चांगले म्हणजे काय, हे मात्र दोघंही बोलत नाहीत.

आधी थोडा हिशेब करू. चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,२०० किलो आहे असं माना. ताशी ८० किलोमीटर वेगातली ही गाडी पूर्ण थांबवायची तर ब्रेकना साधारण ३०० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता करून टाकावी लागते. वेग ४० असेल तर हा आकडा निम्मा होत नाही, पाव होतो. आता हीच गाडी ५०० मीटर उंचीवरून घाट उतरली असं समजा. वरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते ती जवळजवळ ५,९०० किलोज्यूल, म्हणजे ताशी ८० वरून लागोपाठ वीस वेळा गाडी थांबवण्याइतकी. हवेचा विरोध, टायरचं घर्षण आणि इंजिन या ऊर्जेतला काही भाग उचलतात. किती उचलतात ते तुम्ही कोणत्या गिअरमध्ये उतरता त्यावर आहे. उरलेल्यातला मोठा भाग पुढच्या दोन चाकांतल्या चार पॅडवर येतो. डिस्कचं तापमान तेव्हा तीनशे अंशांच्या पुढे जाऊ शकतं. एवढ्या उष्णतेत पॅडमधलं राळेचं बंधन सैल पडायला लागतं, त्यातून वायू सुटतो आणि पाय तितकाच दाबूनही गाडी धावतच राहते. अनमोड उतरताना मोलेमच्या वळणांवर जळका वास येऊ लागला की ओळखा, पॅड आपल्या मर्यादेला टेकलेत.

पॅडच्या मसाल्याचे बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. ऑरगॅनिक पॅडमध्ये तंतू, रबर आणि राळ यांचं मिश्रण असतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या जपानी-कोरियन घराण्याच्या गाड्यांत कंपनीकडून हेच येतात. आवाज कमी, डिस्क कमी खातात, थंड असताना चांगले लागतात. उष्णतेला मात्र लवकर दमतात. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये लोखंडाचा कीस आणि तंतू भरपूर असतात. ते उष्णता जास्त सोसतात, पण डिस्क झिजवतात, सकाळी पहिल्या ब्रेकला करकरतात आणि चाकाच्या रिमवर काळी भुकटी धरतात. युरोपीय गाड्यांच्या अलॉयवर जी काजळी दिसते ती बहुधा अशाच धातुमिश्रित पॅडची. तिसरा प्रकार सिरॅमिक: आवाज नाही, भुकटी कमी, गरम-थंड दोन्हीत पकड बऱ्यापैकी सारखी, आणि किंमत दीडपट-दुप्पट. सिरॅमिक टाकले म्हणजे गाडी कमी अंतरात थांबेल ही समजूत मात्र चुकीची. चांगल्या ऑरगॅनिक पॅडपेक्षा पहिली पकड त्यांची थोडी मऊच असू शकते. शिवाय हल्ली खोक्यावर “सिरॅमिक” छापायला कुणाला परवानगी लागत नाही, त्यामुळे स्वस्तातला सिरॅमिक दिसला तर तो छपाईपुरताच आहे असं धरून चालावं.

चौथा प्रकार ॲस्बेस्टॉसचा, तो आता इतिहासजमा व्हायला हवा होता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. वाटेत लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावण्याची सुरुवात तिथून मानतात. पुढे इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूडने फेरोडो कंपनी काढली, ॲस्बेस्टॉस आलं, आणि आपल्याकडे घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडोतून ॲस्बेस्टॉसचे लायनर देशभर जात असत. तीच कंपनी आता हिंदुस्थान काँपोझिट्स या नावाने पैठण आणि भंडाऱ्याला कारखाने चालवते. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात वर्षानुवर्षं घर करते. म्हणूनच २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या उद्योगातल्या कामगारांच्या प्रकृतीच्या नोंदी किमान ४० वर्षं जपायला सांगितल्या. खोक्यावर “नॉन-ॲस्बेस्टॉस” स्पष्ट छापलेलं नसेल तर पॅड घेऊ नका. आणि मेकॅनिक चाकातली धूळ काँप्रेसरच्या हवेने उडवू लागला तर दूर व्हा, त्यालाही ओल्या फडक्याने पुसायला सांगा. पॅड नवा असला तरी ती भुकटी श्वासात घेण्याची चीज नाही.

आता पॅड हातात घेऊन बघू. दुकानदाराला खोकं उघडायला लावा आणि पॅडची कड उजेडात धरा. कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर कंपनीचं नाव, मसाल्याचा क्रमांक आणि शेवटी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली सापडतील: एफएफ, ईएफ, जीजी, असं काहीतरी. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. आपल्या भागातल्या गाडीला एफएफ पुरेसा. ईएफ घेतलात तर घाटात चालून जाईल, पण शहरात पाय जास्त दाबावा लागेल. पहिलं अक्षर एफ आणि दुसरं ई असेल तर तो पॅड गरम झाल्यावर ढिला पडतो, गोव्याला जाणाऱ्याने तो परत द्यावा. जीजी ऐकायला भारी वाटतं, पण साध्या गाडीला ते गरजेचं नाही, आणि पुढे जीजी नि मागे जुने साधे शू अशी जोडी जमवली की ब्रेकचा पुढचा-मागचा तोल बिघडतो. ही अक्षरं पॅडचं आयुष्य किंवा दर्जा सांगत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा. ती फक्त पकड सांगतात.

काही पॅडवर वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा, पुढे आर९० असा शिक्का असतो. युरोपच्या नियमानुसार अशा बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या पंधरा टक्के इकडेतिकडे राहायला हवी, तशी चाचणी झालेली असते. आकडा देशाचा: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली. आपल्या दुकानातल्या चांगल्या पॅडवर हा शिक्का नसेलही, त्यावरून माल वाईट ठरत नाही. पण असला तर निवड सोपी होते.

कंपनीचे की बाहेरचे, या प्रश्नाचं माझं उत्तर असं. गाडीच्या कंपन्या पॅड सहसा स्वतः बनवत नाहीत. ते चेन्नईच्या ब्रेक्स इंडिया आणि राणे, उत्तरेतल्या अलाइड निप्पॉनसारख्या कारखान्यांतून येतात. हेच कारखाने स्वतःच्या नावाच्या खोक्यातही पॅड विकतात. ब्रेक्स इंडियाचा टीव्हीएस गर्लिंग तर प्रत्येक स्पेअरच्या दुकानात असतो. म्हणून कंपनीच्या शिक्क्याचा पॅड, नाहीतर यांपैकी कुणा नावाजलेल्या उत्पादकाचा, दोन्ही चालतील. या दोन्हींच्या बाहेरचा, कधी न ऐकलेल्या नावाचा आणि निम्म्या किमतीचा पॅड नको. तिथे वाचलेले चार-पाचशे रुपये डिस्क बदलताना दामदुपटीने जातात.

खरी अडचण नकली मालाची आहे, आणि नकली माल नेमका नावाजलेल्या खोक्यातच येतो. खोक्यावरच्या चिकटपट्टीवरचा क्यूआर कोड मोबाइलने तपासा. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि पॅडच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर जुळतो का बघा. पत्र्याचा रंग सगळीकडे सारखा, कडा धारदार नाहीत, मसाला आणि पत्रा यांच्यामध्ये नखही शिरत नाही, असं हवं. चारही पॅडचा पोत एकसारखा हवा. जीएसटीचं पक्कं बिल मागा, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. पक्कं बिल म्हटल्यावर दुकानदार दुसरं खोकं काढायला आत गेला, तर पहिल्या खोक्याबद्दल वेगळं काही विचारायची गरज उरत नाही.

आणि पार्ट नंबर गाडीच्या नावावरून ठरवू नका. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीला, किंवा आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या गाडीला वेगळे कॅलिपर असू शकतात. आरसी बुकातला सतरा अक्षरी चेसिस नंबर दुकानदाराला दाखवा, तो त्यावरून शोधेल.

पॅड निवडले म्हणजे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं चाक उघडल्यावर कळतं. गेल्या पावसाळ्याआधी ओळखीच्या गॅरेजमध्ये उभा असताना एक गाडी जॅकवर चढली. मालक म्हणत होता, बाहेरून बघितलं, पॅड अजून भरपूर आहे. मेकॅनिकने कॅलिपर वर उचलला आणि दोन्ही पॅड शेजारी शेजारी धरले. बाहेरचा सहा मिलिमीटर शिल्लक, आतला दीड. “आतला संपलाय बघा साहेब, पिना जाम आहेत,” तो म्हणाला. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्यांच्या रबरी टोप्या फाटल्या होत्या, आत चिखल गेला होता. नवलगुंद-अण्णिगेरीच्या काळ्या मातीत आणि हल्याळच्या तांबड्या धुळीत चालणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. पिना साफ करून त्यांना खास उष्णतेत टिकणारं ग्रीस लावल्याशिवाय कितीही भारी पॅड टाकला तरी आतला पुन्हा आधी संपणार. हे ग्रीस पॅडच्या तोंडाला मात्र लागता कामा नये, आणि साधं बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, ते रबर फुगवतं.

नवा पॅड साधारण दहा ते बारा मिलिमीटर मसाल्याचा असतो. तीनवर आला की बदलायचा, दोनच्या खाली तर गाडी बाहेर काढायची नाही. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासून शिट्टी मारते. ती शिट्टी गाडी धुतल्याने जाणारी नसते. बोनेटमधली ब्रेक ऑइलची डबीही बोलते: पॅड झिजतात तसं ऑइल खाली उतरतं. ते उतरलं म्हणून वरून भरून घ्यायचं नाही, आधी पॅड बघायचे. वरून भरलं की पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलल्यावर तेच ऑइल बाहेर सांडतं आणि गाडीचा रंग खातं.

डिस्कवरही एक नजर हवी. तिच्या मधल्या भागावर किमान जाडी ठोकलेली असते. त्याच्या खाली गेली असेल तर डिस्क बदलावी लागते, लेथवर घासून काही उपयोग नाही. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्कची जाडी कमीजास्त झाली आहे, तिथे नवे पॅडही थरथर थांबवणार नाहीत. आणि पावसात रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीची डिस्क सकाळी तपकिरी दिसते, पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात, म्हणून घाबरू नका. तो वरवरचा गंज आहे, चार वळणांत निघून जातो. जुने पॅड चकाकले की त्यांना पॉलिश पेपर मारून पुन्हा बसवायची पद्धत मात्र आपल्याकडे सर्रास चालते, ती नाकारा. तापून चकाकलेल्या मसाल्याला पेपर मारल्याने चार दिवस बरं वाटतं, एवढंच.

पॅड नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे एकत्र बदला. एकाच बाजूचे बदलले की गाडी ब्रेक मारताना एका अंगाला ओढते. छोट्या गाड्यांत मागे ड्रम असतात, त्यातले शू पुढच्या पॅडपेक्षा हळू झिजतात. पण पॅडच्या प्रत्येक दुसऱ्या बदलीला ड्रमही उघडून बघायला सांगा.

आता ऑइल. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडे होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी शिरलं की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ ऑइल ताजं असताना २३० अंशांच्या आत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर किमान हमी १५५ अंशांचीच उरते. डॉट ३ चं तर १४० वर येतं. घाटात कॅलिपर तापला, आतलं ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल फरशीला लागतं. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलून हवा काढून घ्या, आणि डबीच्या झाकणावर जो डॉट लिहिला असेल तोच भरा. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. डॉट ५.१ चालतं, पण गरज नाही. सिरॅमिकसाठी काढून ठेवलेले जादा पैसे इथे घाला, जास्त फायदा होईल.

बसवून झाल्यावर गाडी गॅरेजबाहेर काढण्याआधी जागच्या जागी पेडल चार-पाच वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिला दाब पोकळ जातो. हे न करता गाडी उतारावर सोडली तर पहिल्या ब्रेकला गाडी थांबणार नाही. चाकाचे नट घट्ट आहेत का तेही स्वतः पाहा.

मग पॅड रुळवणं, म्हणजे डिस्कशी त्यांची ओळख करून देणं. पहाटे सौंदत्ती किंवा कलघटगीच्या बाजूचा मोकळा, सपाट रस्ता निवडा, मागे गाडी नाही याची खात्री करा आणि ५०-६० च्या वेगावरून मध्यम दाबाने २० पर्यंत उतरवत पंधरा-वीस वेळा ब्रेक मारा, प्रत्येक दोन ब्रेकच्या मध्ये गाडी अर्धा-एक किलोमीटर मोकळी पळू द्या. पूर्ण थांबून पाय दाबून ठेवायचा नाही, तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी छाप उमटवतो. त्यानंतर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरदार ब्रेक टाळा. म्हणूनच शनिवारी गोव्याला जायचं आणि शुक्रवारी पॅड टाकायचे, हे करू नका. निदान आठवडाभर आधी टाका.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी घाटात एल किंवा मॅन्युअल निवडावं, गिअरबॉक्सला सगळं सोपवून फक्त ब्रेकवर उतरू नये. सीएनजीच्या टाकीमुळे गाडीचं वजन वाढतं, त्या गाडीला पॅड थोडे लवकर लागतील. इलेक्ट्रिक गाडीत मोटारच वेग कमी करते, त्यामुळे पॅड फारसे झिजत नाहीत, पण न वापरल्याने डिस्कला गंज धरतो. तिथे आठवड्यातून एखाद-दोनदा पायानेच खरा ब्रेक मारावा.

आणि न्यूट्रल. २० नोव्हेंबर २०२२ ला नवले पुलाजवळ एका ट्रकने उतारावर डझनावारी गाड्या चिरडल्या. आधी ब्रेक निकामी झाल्याचं बोललं गेलं. तपासणीत पुढे आलं की ट्रक इंजिन बंद ठेवून न्यूट्रलमध्ये उतरवला होता. इंधन वाचवण्याची ही सवय ट्रकवाल्यांपुरती नाही, आपल्याकडच्या मोटारींतही दिसते. इंजिन बंद असेल तर ब्रेक बूस्टरला निर्वात मिळत नाही, दोन-तीन दाबांनंतर पेडल दगडासारखं घट्ट होतं. न्यूट्रल असेल तर इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार पॅडवर पडतो. त्या स्थितीत बाजारातला सगळ्यात महाग पॅडही हरेल. ज्या गिअरमध्ये घाट चढायला लागेल त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक सतत टेकवून न ठेवता थोडा वेळ ठाम दाबा आणि सोडा.

माझ्या मते आपल्या भागातल्या साध्या गाडीला मूळ कंपनीचा किंवा नावाजलेल्या उत्पादकाचा एफएफ पॅड, साफ केलेल्या पिना आणि ताजं डॉट ४, एवढं पुरे आहे. पॅड बदलून झाल्यावर जुने पॅड मेकॅनिककडून मागून घ्या आणि चारही शेजारी ठेवून झीज बघा. बिलावर तारीख आणि किलोमीटर लिहून ते आरसीच्या पाकिटात ठेवा, पुढच्या खेपेला लागेल.